छतातला पंखा आणि वाऱ्याची वाट

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला गेलेल्या आईबाबांना कॅलिफोर्नियातल्या काही घरांत एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, थेट छताला, एक मोठी पांढरी जाळी असते. एसीची म्हणावी तर एसीच्या जाळ्या वेगळ्या दिसत असतात. शेजारी भिंतीवर टायमरचं बटण. रात्री आठ-नऊच्या सुमाराला घरातलं कुणीतरी उठतं, एसी बंद करतं, घरभर फिरून खिडक्या थोड्या थोड्या उघडतं आणि ते बटण फिरवतं. वर घरघर सुरू होते, पडदे आतल्या बाजूला फुगतात आणि दिवसभर कोंडलेल्या घरात बाहेरची गार हवा खेळू लागते. हा होल हाऊस फॅन. नुसता पंखा म्हणून पाहिला तर त्यात विशेष काही नाही. पण तो बसवताना आणि वापरताना लोक ज्या चुका करतात, त्या जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या असतात: पंख्याचा विचार होतो, हवेच्या वाटेचा होत नाही.

आधी घर कसं असतं ते पाहू. अमेरिकेतलं साधं घर लाकडी सांगाड्याचं. वर उतरतं छप्पर आणि त्यावर डांबरी शिंगल्स. खोलीचं छत म्हणजे तुळयांना खालून ठोकलेला जिप्सम बोर्ड. छप्पर आणि छत यांच्यामधे जी त्रिकोणी पोकळी उरते ती ॲटिक, म्हणजे माळा. तिथे जमिनीवर काचतंतूंचा किंवा कागदाच्या लगद्याचा उष्णतारोधक थर पसरलेला असतो, बऱ्याचदा फूटभर जाडीचा. भर उन्हाळ्यात दुपारी या माळ्यावर ५५ ते ६५ अंश सेल्सियस तापमान होतं. होल हाऊस फॅन खोलीच्या छतात बसतो. तो खालच्या खोल्यांतली हवा खेचून माळ्यावर फेकतो, माळ्यावरची तापलेली हवा आढ्यावरच्या, वळचणीतल्या आणि त्रिकोणी भिंतीतल्या झडपांमधून बाहेर जाते आणि रिकाम्या झालेल्या जागी उघड्या खिडक्यांतून बाहेरची हवा येते. घर गार होतं आणि डोक्यावरची भट्टीही विझते.

असाच दिसणारा दुसरा एक पंखा असतो आणि त्याची याच्याशी गल्लत दुकानातसुद्धा होते. तो छपरात किंवा माळ्याच्या भिंतीत बसतो आणि फक्त माळ्यावरची हवा बाहेर टाकतो. खोल्यांशी त्याचा संबंध नसतो. तो दुपारी चालतो, हा रात्री. माळ्याच्या त्या पंख्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. छतात दिव्यांची, वायरींची, पाइपांची बारीक भोकं असतातच, आणि माळ्याला बाहेरची हवा पुरेशी मिळत नसेल तर हा पंखा त्या भोकांतून खालची एसीने गार केलेली हवा खेचतो. म्हणजे एसीचंही बिल, पंख्याचंही बिल.

होल हाऊस फॅनला खरा न्याय मिळतो तो सॅक्रामेंटोसारख्या ठिकाणी. तिथे जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या आसपास असतं आणि उष्म्याच्या लाटेत ते ४० च्या पुढे जातं, पण पहाटे पारा १५-१६ पर्यंत उतरतो. हवा कोरडी. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडून कार्किनेझच्या सामुद्रधुनीतून समुद्राचा गार वारा संध्याकाळी आत घुसतो, त्याला तिथले लोक डेल्टा ब्रीझ म्हणतात. अडचण एवढीच की बाहेर रात्री दहाला शाल घ्यावीशी वाटते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये २८-२९ अंश असतात. नुसती खिडकी उघडून भागत नाही, कारण वारा एका खिडकीतून आत यायला दुसरीकडून बाहेर जावा लागतो, आणि घरांची रचना क्वचितच इतकी सोयीची असते. कोलोराडोतलं डेन्व्हर, कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो इथेही असंच गणित आहे.

हे यंत्र नवीन अजिबात नाही. घराघरांत एसी पोचण्याआधी, १९३० आणि ४० च्या दशकांत, अमेरिकेच्या दक्षिण भागात पट्ट्यावर फिरणारे अवाढव्य पंखे माळ्यावर बसवत असत. मग एसी स्वस्त झाला आणि ते अडगळीत गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेचा हिशेब पुन्हा सुरू झाला तेव्हा लोकांना त्यांची आठवण झाली. कॅलिफोर्नियाने तर पुढे त्याला नियमातच बसवलं. राज्याचे १६ हवामान विभाग आहेत. त्यांतल्या ८ ते १४ या विभागांत, म्हणजे सॅक्रामेंटो आणि फ्रेस्नो धरून उष्ण अंतर्भागात, २०१४ पासून लागू झालेल्या ऊर्जा नियमावलीत नव्या स्वतंत्र घरांसाठी होल हाऊस फॅन गृहीत धरला आहे. बिल्डरला तो नको असेल तर तेवढी ऊर्जा दुसऱ्या उपायाने वाचवून दाखवावी लागते.

रात्रभर पंखा का चालवायचा, अर्धा तास पुरत नाही का, हा प्रश्न रास्त आहे. २,००० चौरस फुटांचं, ८ फूट उंच छताचं घर घ्या. त्यात १६,००० घनफूट हवा मावते. मिनिटाला ३,००० घनफूट हवा खेचणारा पंखा ती सगळी हवा पाच-साडेपाच मिनिटांत बदलून टाकतो. पण त्या सगळ्या हवेचं वजन जेमतेम अर्धा टन. भिंतींचं जिप्सम, फरशी, लाकूड, सोफे, गाद्या, कपड्यांची कपाटं यांचं वजन अनेक टन, आणि दिवसभराची उष्णता त्यांनी पिऊन ठेवलेली असते. पाच मिनिटांनी पंखा बंद केला तर अर्ध्या तासात घर पुन्हा होतं तसं. भिंती गार व्हायला तास न् तास लागतात. एकदा झाल्या की मात्र दुसऱ्या दिवशी खिडक्या-पडदे बंद ठेवले तर दुपारी उशिरापर्यंत एसी लावावा लागत नाही. कॅलिफोर्नियात बऱ्याच ग्राहकांना संध्याकाळी ४ ते ९ या वेळात वीज सर्वांत महाग पडते. त्या वेळेकडे जितकं गार घर घेऊन जाता येईल तितकं बरं.

आकडेच हवे असतील तर: बाहेरची हवा आतल्यापेक्षा ५ अंशांनी गार असताना मिनिटाला ३,००० घनफूट हवा म्हणजे कागदावर जवळपास अडीच टनांच्या एसीइतकं थंडावणं. पंखा त्यासाठी साधारण ३०० ते ५०० वॉट घेतो. तेवढं काम करणारा एसी ३ किलोवॉटच्या आसपास. घर गार होत जातं तसा हा फरक कमी होत जातो, हे खरं. तरीही हिशेब पंख्याच्या बाजूचाच राहतो.

आता वाटेकडे वळू. जुन्या पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं. समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. होल हाऊस फॅनला अशी दोन भोकं लागतात, एक खिडक्यांचं आणि एक माळ्याच्या झडपांचं. खिडक्यांचं भोक सगळ्यांना दिसतं. माळ्याचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं, आणि पंखा विकणाराही त्याबद्दल स्वतःहून फारसं बोलत नाही.

ठोकताळा असा: पंख्याच्या दर ७५० घनफूट प्रतिमिनिट क्षमतेमागे माळ्याला एक चौरस फूट निव्वळ मोकळी वाट हवी. वरच्या ३,००० च्या पंख्याला चार चौरस फूट. इथे ‘निव्वळ’ला महत्त्व आहे. दोन फूट बाय दोन फूट झडप बसवली म्हणजे चार चौरस फूट मिळाले असं होत नाही. तिच्या तिरप्या पट्ट्या आणि किडे अडवणारी जाळी मिळून बरीच जागा खातात. लाकडी पट्ट्यांच्या झडपेत तर निम्मीसुद्धा उरत नाही. झडपेच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात निव्वळ क्षेत्र चौरस इंचांत छापलेलं असतं, तोच आकडा बेरजेला घ्यायचा. १४४ चौरस इंचांचा एक चौरस फूट.

बैठ्या घरात ही बेरीज सहसा जमते, दुमजली घरात फसते. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांप्रमाणे माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी वाट ठेवायची असते, आणि काही अटी पाळल्या तर १/३०० चालते. २,००० चौरस फुटांचं बैठं घर असेल तर १/३०० ने सुद्धा साडेसहा चौरस फुटांहून अधिक वाट आधीच असते. तेवढंच घर दुमजली केलं की वरचा माळा हजार चौरस फुटांचा, आणि १/३०० ने वाट सव्वातीन चौरस फुटांच्या आसपास. राहणारी माणसं तितकीच, घर तितकंच, पंखा तोच, पण हवेला बाहेर पडायला जागा कमी. मग पंखा धापा टाकतो, आवाज वाढतो, माळ्यावर दाब तयार होतो आणि तिथली धुळकट गरम हवा छतातल्या दिव्यांच्या भोकांतून पुन्हा खोल्यांत उतरते. ‘पंखा लावला की घरात धूळ पडते’ अशी तक्रार ऐकली तर आधी वर जाऊन झडपा पाहाव्यात. कधी त्यांच्या जाळ्या रंगाच्या थरांनी बुजलेल्या असतात, कधी वळचणीपर्यंत रोधक थर सरकून त्या आतून बंद झालेल्या असतात. वणव्याच्या पट्ट्यातल्या घरांना उडते निखारे अडवण्यासाठी बारीक जाळीच्या झडपा लावाव्या लागतात. त्यांची निव्वळ वाट आणखी कमी असते. आणि काही नव्या घरांत छपरालाच आतून फोम फवारून माळा पूर्ण बंद केलेला असतो. तिथे हा पंखा बसवायचाच नाही.

पंखा केवढा घ्यावा याबद्दल मतं वेगळी आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा जुना सल्ला तासाला ३० ते ६० वेळा घरातली हवा बदलेल एवढ्या पंख्याचा. वरच्या घरासाठी तो किमान ८,००० घनफूट प्रतिमिनिट होतो आणि माळ्यावर साडेदहा चौरस फुटांहून अधिक वाट मागतो. कॅलिफोर्नियाचा नियम घराच्या दर चौरस फुटामागे १.५ घनफुटांवर थांबतो, म्हणजे ३,००० वर. मला दुसरा आकडा शहाणपणाचा वाटतो. ८,००० चा पंखा अर्ध्या तासात वादळ उठवेल, पण काम भिंती गार करण्याचं आहे, आणि त्याला वादळापेक्षा चिकाटी लागते. जाहिरातीतल्या आकड्यांवर न जाता होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटने प्रमाणित केलेला हवेचा आकडा पाहावा. मोठा पंखा कमी वेगावर चालवला तर लहान पंखा जोरात चालवण्यापेक्षा आवाज कमी होतो, म्हणून दोन-तीन वेग असलेला घेणं चांगलं.

पंख्याचे दोन प्रकार बाजारात आहेत. जुन्या पद्धतीचा पंखा थेट छतातल्या चौकटीवर बसतो. पाती दोन ते तीन फूट व्यासाची, खाली पत्र्याच्या झडपा. पंखा सुरू झाला की हवेच्या ओढीने त्या खडखडत उघडतात आणि बंद झाला की स्वतःच्या वजनाने पडतात. स्वस्त, दणकट आणि गोंगाटी. नव्या पद्धतीत छतात फक्त जाळी आणि तिच्यावर उष्णतारोधक झडप. तिथून सहाएक फूट लांबीची लवचीक, अस्तर लावलेली डक्ट, आणि डक्टच्या टोकाला मोटर छपराच्या वाशांना पट्ट्यांनी टांगलेली. मोटर लाकडाला टेकत नाही, म्हणून थरथर घरात उतरत नाही. रात्री झोपताना चालवायचा पंखा असल्यामुळे हा फरक पैशांत मोजू नये.

जागा घराच्या मध्यावर, सर्वांत वरच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, म्हणजे सगळ्या बेडरूमची दारं त्याच्याभोवती येतील. खालून जागा नक्की केली की एक बारीक भोक पाडून त्यातून सरळ तार वर खुपसायची आणि मग माळ्यावर जाऊन ती शोधायची. तिथे वायर, पाइप, एसीची डक्ट काही आडवं येत नाही ना, ते करवत हातात घेण्याआधी दिसतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वर साध्या तुळया आहेत की कैच्या. तुळया असतील तर जाणता सुतार एखादी कापून तिचा भार शेजारच्यांवर आडव्या लाकडाने उतरवू शकतो. कारखान्यात बनलेल्या कैचीचा एकही दांडा कापायचा नाही, खाचसुद्धा पाडायची नाही. छपराचा सगळा भार त्या त्रिकोणांत तोललेला असतो. कैच्यांमधलं अंतर बहुधा २४ इंच असतं; त्यात मावणारे पंखे मिळतात, तेच घ्यावेत.

माळ्यावर चढायचं ते भल्या पहाटे. दुपारी तिथे काम करणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पाय फक्त तुळईवर किंवा तुळयांवर टाकलेल्या फळीवर. मधला जिप्सम बोर्ड माणसाचं वजन पेलत नाही आणि छतातून लोंबणारा पाय खालच्यांना दिसतो. तोंडावर नीट बसणारा मास्क, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण काचतंतू अंगाला लागले की दिवसभर खाजवत बसावं लागतं. रोधक थर खड्यांसारखा, चकचकीत, राखाडी-तपकिरी दिसला तर हात न लावता खाली उतरायचं. तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो. मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून, ती १९९० मध्ये बंद होईपर्यंत, अमेरिकेतल्या असंख्य घरांत हा माल गेला आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेला होता. तो ढवळायचा नाही, प्रशिक्षित माणसं बोलवायची.

विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आणि स्थानिक परवाना काढून. पंख्याला शक्यतो स्वतंत्र सर्किट आणि माळ्यावर मोटरजवळ तोडणारा स्विच हवा, म्हणजे देखभालीला गेलेल्या माणसाच्या हाताशी वीज बंद करण्याची सोय राहते. एक मोह टाळण्यासारखा आहे. वेग कमी-जास्त करायला काही लोक दिव्याचा डिमर लावतात. दिव्याचा डिमर मोटरसाठी नसतो. मोटर तापते आणि आग लागू शकते. उत्पादकाने त्या मोटरसाठी दिलेलंच नियंत्रण वापरायचं. पंख्याभोवती रोधक थर उडू नये म्हणून फळ्यांचा बांध घालायचा, चौकटीखाली रबर किंवा नमद्याची पट्टी ठेवायची. पट्ट्याचा पंखा असेल तर पट्टा आणि झडपांची धूळ वर्षाकाठी पाहून घ्यायची, एवढीच काय ती देखभाल.

चालवण्याची रीत एका ओळीची आहे: आधी खिडक्या, मग पंखा, आधी पंखा बंद, मग खिडक्या. ही ओळ चिठ्ठीवर लिहून बटणाशेजारी चिकटवली तरी हरकत नाही, विशेषतः घरात पाहुणे असतील तेव्हा. कारण बंद घरात हा पंखा चालू झाला तर तो हवा कुठून ना कुठून आणणारच, आणि सर्वांत सोपी वाट बहुतेक घरांत गॅसच्या वॉटर हीटरची असते.

जुन्या पद्धतीच्या वॉटर हीटरचा धूर नैसर्गिक ओढीने चिमणीतून वर जातो. ती ओढ अतिशय नाजूक, मोजायची तर काही पास्कलांची. घरात त्याहून जास्त ओढ तयार झाली की चिमणी उलटी वाहू लागते आणि ज्वलनाचे वायू खोलीत येतात, त्यांत कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं जागेपणी कळतात, झोपेत कळत नाहीत, आणि हा पंखा तर झोपेतच चालतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या येतात, वायू तोच.

याची एक घरगुती परीक्षा आहे आणि तिच्यासाठी लागणारं साहित्य मराठी घरात देवापाशीच असतं. वॉटर हीटरच्या डोक्यावर, चिमणीचा पाइप सुरू होतो तिथे, पत्र्याची एक टोपी असते. टोपी आणि टाकी यांच्यामधे बोटभर फट. नेहमीप्रमाणे खिडक्या उघडून पंखा पूर्ण वेगावर लावायचा. गरम पाण्याचा नळ सोडून बर्नर पेटू द्यायचा. पाचेक मिनिटं थांबून पेटती उदबत्ती त्या फटीशी धरायची. धूर टोपीखाली आत ओढला गेला तर चिमणी वर वाहते आहे. धूर तुमच्या तोंडाकडे आला तर पंखा ताबडतोब बंद, आणि खिडक्या अधिक उघडल्याशिवाय पुन्हा सुरू करायचा नाही. गॅसचा वास येत असेल तर अर्थातच काहीही पेटवायचं नाही. ही परीक्षा तंत्रज्ञाच्या तपासणीची जागा घेत नाही, पण पंखा बसवल्याच्या पहिल्याच संध्याकाळी करावी. बंद ज्वलनकक्षाचे नवे हीटर आणि विजेचे हीटर यांना हा धोका नाही. कॅलिफोर्नियात हीटर बऱ्याचदा गॅरेजमध्ये असतो. तिथे गॅरेजचं घरातलं दार पंखा चालू असताना घट्ट लावलेलं हवं, नाहीतर हीटरच्या जोडीला गाडीचा धूरही आत येतो. हिवाळ्यातली शेकोटीची चिमणी असेल तर तिचीही झडप बंद, नाहीतर राख गालिच्यावर. आणि हे सगळं पाळूनही प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच. कॅलिफोर्नियात २०११ पासून स्वतंत्र घरांना तो कायद्यानेही बंधनकारक आहे.

खिडक्या किती उघडायच्या? तीन फूट रुंदीची खिडकी चार इंच उघडली की एक चौरस फूट वाट मिळते. ३,००० च्या पंख्याला अशा चार खिडक्या म्हणजे कमीत कमी; डासांची जाळी असतेच, म्हणून सहा इंच धरावेत. वरच्या मजल्यावर लहान मुलं असतील तर खिडकी चार इंचांपलीकडे सरकणार नाही असा अडथळा लावायचा आणि खिडक्यांची संख्या वाढवायची. तळमजल्यावरही खिडकी अर्धवटच राहील अशी खीळ मिळते, ती चोरापासूनचं संरक्षण. सगळ्या खिडक्या सताड उघडण्यात अर्थ नाही. ज्या खोलीत झोपायचं तिथली उघडी ठेवली, बाकीच्या कमी केल्या, की सगळा वारा त्या खोलीतून वाहतो. त्या खोलीचं दार मात्र उघडं हवं. दार बंद केलं की त्या खोलीपुरता पंखा नसल्यासारखाच, आणि अर्धवट उघडं ठेवलं तर ते धाडकन आपटतं. दाराखाली पाचर.

सुरू करण्याची वेळ घड्याळावर नाही, तापमापकावर. बाहेरची हवा आतल्यापेक्षा निदान दोन-तीन अंशांनी गार झाली की पंखा लावायचा. पहाटे उन्हं वर येण्याआधी बंद करून खिडक्या, पडदे मिटून घ्यायचे. एसी आणि हा पंखा एकत्र कधीच नाही.

आगीची बाजूही पाहायला हवी. घरात आग लागली तर चालू पंखा तिला ताजी हवा पुरवतो आणि धूर, ज्वाळा वरच्या मजल्याकडे खेचतो. म्हणून तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर पंखा आपोआप बंद करणारी सोय असलेलाच पंखा घ्यावा, नुसत्या चालू-बंद बटणाऐवजी टायमर लावावा आणि घराबाहेर पडताना पंखा चालू ठेवून जाऊ नये. वणव्याचा हंगाम हा निराळाच मामला. ऑगस्ट २०२० मध्ये विजा कोसळून उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा कित्येक दिवस आभाळ धुराने भरलेलं होतं. अशा रात्री बाहेर कितीही गार असलं तरी हा पंखा म्हणजे धुराचे सूक्ष्म कण घरभर वाटणारं यंत्र. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १०० च्या पुढे असेल तर तो बंदच ठेवावा. दमा असलेलं कुणी घरात असेल तर त्याच्याही बरंच अलीकडे. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनाही वसंतात हीच अडचण येते.

हवा दमट असेल तर हे यंत्र घेऊच नये. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या रात्री तापमान थोडं उतरतं, पण हवेतलं बाष्प तसंच राहतं. पंखा ते बाष्प घरात आणतो. गालिचे, गाद्या, लाकूड ते शोषून घेतात आणि सकाळी एसीला आधी ते सगळं पाणी उपसावं लागतं. त्याच कारणाने मुंबईत किंवा कोकणात असली कल्पना चालणार नाही. पुण्या-नाशकात एप्रिलमधली कोरडी हवा आणि दिवस-रात्रीतला पंधरा-सोळा अंशांचा फरक या पंख्याला आवडण्यासारखा आहे, पण तिथे वर माळा नाही, काँक्रीटचा स्लॅब आहे. रात्री एका खिडकीत बाहेर फेकणारा मोठा एक्झॉस्ट आणि समोरच्या दोन खिडक्या उघड्या, एवढ्यावर बरंचसं काम होतं. अट तीच: गॅस गीझर असेल तर त्याच्यापासून सावध.

हिवाळा आला की छतातलं हे भोक उलट्या कामाला लागतं. जुन्या पंख्याच्या पत्र्याच्या झडपा हवा अडवत नाहीत. घरातली ऊबदार, ओलसर हवा त्यांतून वर जाते आणि छपराच्या गार फळ्यांवर तिचं पाणी होतं, पुढे बुरशी. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरून उष्णतारोधक झाकण बसवतात, कडेला रबरी पट्टी लावून. घरी केलं तरी चालतं: फोमचा जाड बोर्ड, प्लायवूडची चौकट, दोन बिजागऱ्या. फक्त झाकण बसवलं की ब्रेकर बंद करून त्यावर चिकटपट्टी लावायची, कारण मार्चमधल्या एखाद्या गरम संध्याकाळी कुणीतरी सवयीने बटण फिरवतंच, आणि झाकणाखाली फिरणारी मोटर तापत राहते.